हार्वेस्टरला पस्तीस लाख, मग कोयत्याला काय?

ऊस तोडायच्या मशीनला, म्हणजे हार्वेस्टरला, आपल्या राज्यात सरकारी अनुदान मिळतं हे पुण्यातल्या माझ्या बऱ्याच मित्रांना माहीतच नव्हतं. २०२३ साली योजना आली, मशीनच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, दोन्हीतलं जे कमी असेल ते, आणि अशी ९०० मशीन. एकेक मशीन कोटीच्या घरात जातं, त्यामुळे अनुदान नसेल तर ते घेणार कोण, हेही मान्य. पण हल्ली ऑफिसात एआय, नोकऱ्या, युनिव्हर्सल बेसिक इन्कम (म्हणजे सगळ्यांना सरसकट, बिनअटीचे ठरावीक पैसे) असल्या गप्पा सुरू झाल्या की मला पहिले हे पस्तीस लाखच आठवतात. माझं गाव बीड जिल्ह्यातलं, आणि आमच्याकडची निम्म्याहून जास्त घरं दसरा झाला की कुलूप लावून कारखान्याला जातात.

ऑफिसातल्या गप्पांचा सूर कसा असतो सांगतो. २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांच्या वर माणसं कमी करणार म्हणून सांगितलं, तेव्हापासून आमच्या चहाच्या टपरीवर सगळेच अर्थतज्ज्ञ झालेत. कोणी म्हणतं आता सगळ्यांनाच घरबसल्या पैसे द्यावे लागणार, कोणी म्हणतं अमेरिकेतले एआयवालेच तसं म्हणतायत, कोणी फिनलंडमधल्या बेसिक इन्कमच्या प्रयोगाचं काढतं. सगळं बोलणं भविष्यकाळात, पाच वर्षांनी असं होईल, दहा वर्षांनी तसं होईल. आणि मी गप्प ऐकत असतो कारण आमच्या गावाकडे हे ऑलरेडी चालू आहे, फक्त तिथे त्याला कोणी ऑटोमेशन म्हणत नाही, मशीन आलं एवढंच म्हणतात.

साधा हिशोब करा. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो, साळतो, मोळ्या बांधतो आणि डोक्यावर घेऊन फळीवरून चढत ट्रकमध्ये भरतो. हार्वेस्टर नीट चाललं, शेत मोठं असलं, तर दिवसाला शंभर टनांच्या वर जातं. म्हणजे एका मशीनने पन्नासेक कोयत्यांचं काम उचललं, शंभर माणसं. राज्यात ऊसतोड कामगार नक्की किती हे कोणीच धड मोजलेलं नाही, आठ लाख म्हणतात, दहा लाख म्हणतात, बारा पण म्हणतात. नऊशे मशीनने एवढे सगळे घरी बसणार नाहीत हे उघड आहे पण दिशा कुठली आहे ते कळायला एवढं पुरे.

आणि मशीनचं एक आहे, त्याला नखरे फार. चार-पाच फुटांची सरी पाहिजे, वावर सलग पाहिजे, जमीन ओली नको, ऊस उभा पाहिजे. माझा चुलतभाऊ सांगली-कोल्हापूरकडे जातो तोडीला, तो म्हणतो, "चांगला ऊस मशीनला, अन् लोळल्याला ऊस आमाला." हे वाक्य मी कुठल्याच रिपोर्टात वाचलेलं नाही पण माझ्या मते ऑटोमेशनबद्दल यापेक्षा नेमकं कोणी बोललेलं नाही. उभा सरळ ऊस तोडणं त्यातल्या त्यात सोपं, तिथे टन लवकर पडतो, चार पैसे सुटतात. पडलेला, गुंतलेला, ओढ्याकाठचा ऊस तोडायला दुप्पट वेळ जातो. आता सोपं तेवढं मशीन घेऊन जातं आणि अवघड तेवढं माणसाला उरतं, आणि मजुरी टनावरच. काम गेलं असं म्हणता येत नाही, काम आहेच, फक्त त्यातली साय गेली.

कारखान्यांची बाजू पण आहे, ती न सांगता पुढे गेलो तर गावाकडचे लोकच मला धरतील. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी गोळा करणारा, वाहतूकदाराकडून लाखोंनी उचल (आगाऊ पैसे) घेतो आणि टोळी घेऊन येतच नाही, फोन बंद. असे बुडालेले ट्रॅक्टरवाले पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव आहेत, कर्ज काढून पैसे दिलेले आणि पोलिस स्टेशनच्या चकरा मारणारे. त्यांना मशीन हवंय यात आश्चर्य काही नाही. शेतकऱ्याला पण तोड वेळेवर मिळत नाही, टोळीवाल्यांना वरून एन्ट्री म्हणून खुशाली, म्हणजे वरचे पैसे, द्यावी लागते, त्यामुळे मशीनच्या तोडीत पाचटापोटी वजनात कपात होते तरी तो म्हणतो जाऊ दे, पण ऊस जाऊ दे एकदाचा.

पण मुद्दा उचलीचा आहे आणि बेसिक इन्कमची सगळी चर्चा मला तरी उचलीपाशीच आणून सोडते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पावसाळ्यात, गणपतीच्या आसपास, घरात पैसे नसतात तेव्हा मुकादम येतो आणि एका कोयत्यामागे पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त हातात ठेवतो. ती उचल. त्यातून मुलीचं लग्न होतं, दवाखाना होतो, आधीचं देणं फिटतं. आणि मग हंगामभर तोडलेल्या उसातून ती वळती करून घ्यायची. आता २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला साधारण ३६६ रुपये झाला, संप झाला, बैठका झाल्या, पेपरात फोटो आले. चांगलंच झालं. पण लाखाची उचल भागवा ३६६, २७३ टन. रोजचे दोन टन धरले तरी १३६ दिवस, एकही खाडा न करता. आणि कारखाने वाढल्यामुळे हंगाम हल्ली शंभर-सव्वाशे दिवसांत, कधी त्याच्याही आत संपतो. म्हणजे पट्टा पडतो, हंगाम संपतो, तेव्हा अंगावर बाकी घेऊनच माणूस गावी येतो, आणि बाकी आहे म्हणून पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जातो. खाडा केला तर त्याचा दंड वेगळा. २०१९ मध्ये बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या होत्या, विधिमंडळात चर्चा झाली, समिती नेमली, तेव्हा सगळे डॉक्टरांवर तुटून पडले आणि ते बरोबरच होतं, पण पाळीचे दोन दिवस खाडा परवडत नाही हे त्याच्या मुळाशी होतं, आणि खाडा परवडत नाही कारण उचल.

आता मध्य प्रदेशचं सांगतो. ऑफिसात फिनलंडचं काढणाऱ्याला मी नेहमी म्हणतो, अरे इंदूरच्या बाजूला बघ. 'सेवा' (SEWA) या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या पैशावर २०११-१२ च्या सुमारास तिथे काही गावांत प्रत्येक माणसाला दरमहा पैसे दिले, मोठ्याला २०० रुपये, लहानग्याला १००, ते नंतर ३०० आणि १५० केले. मुलांचे पैसे आईच्या खात्यात. अट काहीच नाही, ना दाखला ना रेशन कार्डाचा रंग, गावात राहतोस ना, मग घे. आणि बाजूची तशीच काही गावं पैसे न देता नुसती तुलनेला ठेवली. गाय स्टँडिंग नावाचा ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ त्यात होता. झालं काय, तर लोक दारू पिऊन पडले नाहीत. मुलांची वजनं सुधारली, शाळेतली हजेरी वाढली, शेळ्या आल्या, शिलाई मशीन आल्या, आणि मजुरी सोडून लोक स्वतःच्या रानात जास्त राबायला लागले. ज्यात मला सगळ्यात रस आहे ते असं की कर्जापायी दुसऱ्याच्या घरी सालाने बांधून घेतलेल्या काही लोकांनी त्या पैशांतून स्वतःला सोडवून घेतलं. तीनशे रुपयांत! अर्थात २०१२ चे तीनशे, आणि घरात पाच-सहा माणसं असली की ते हजार-बाराशे होतात, पण तरीही.

मला बेसिक इन्कमचा खरा उपयोग हा वाटतो. पोट भरण्यापुरते पैसे हा एक भाग झाला, तो रेशनने पण होतो थोडाफार. पण मुकादम दारात आल्यावर "यंदा नाही येत" किंवा निदान "एवढ्यात नाही येत, दर सांग आधी" असं म्हणायची ताकद रेशनच्या गव्हात नाहीये, ती हातातल्या पैशातच आहे.

माझे चुलते, ज्यांची स्वतःची पाच एकर आहे आणि त्यात कापूस असतो, ते यावर लगेच म्हणणार की फुकट पैसे वाटले की माणूस कामाला येत नाही, आत्ताच वेचणीला बाया मिळत नाहीत. आणि ते म्हणतात त्यात तथ्य आहे, फक्त ते ज्याला तोटा म्हणतायत त्याला वेचणारी बाई फायदा म्हणते. अमेरिकेत टेक्सास आणि इलिनॉयमध्ये हजार लोकांना तीन वर्षं दरमहा हजार डॉलर देऊन बघितले, २०२४ ला निकाल आले, लोक आठवड्याला सरासरी तास-सव्वा तास कमी काम करत होते. बस, तेवढंच. आमच्याकडे बाई पहाटे चारला उठून कोपीत (झोपडीत) भाकरी करून पाचला उसाच्या फडात जाते, ती आठवड्याला सव्वा तास जास्त झोपली तर साखर उद्योग बुडणार असेल तर बुडू दे बापडा.

बाईवरून लाडकी बहीण. २०२४ च्या जुलैपासून महिना १५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. ही काही बेसिक इन्कम नव्हे, पुरुषांना नाही, उत्पन्नाची अट आहे, आणि निवडणुकीच्या तोंडावर आली हे शेंबडं पोर पण सांगेल. २१०० करू म्हणाले होते त्याचं काय झालं ते विचारू नका. पण एक गोष्ट मी गावात बघितली. उचल घेतो नवरा, अंगठा त्याचा, हिशोब त्याचा, तोडते दोघं. बाईने आयुष्यभर ऊस तोडला तरी तिच्या नावावर मजुरीचा एक रुपया कधी कुठे लिहिला गेलेला नसतो. तिच्या स्वतःच्या खात्यात, तिच्या नावाने, दर महिन्याला काहीतरी जमा होतंय हे आमच्याकडच्या बऱ्याच बायांच्या बाबतीत पहिल्यांदा घडलं. त्यातले किती नवऱ्याने काढून नेले हा वेगळा विषय, काहींनी नेलेच, पण तिला माहीत असतं की हे माझे होते.

आणि मग पडताळणी सुरू झाली, ई-केवायसी. त्याची मुदत ऐन हंगामात, नोव्हेंबर-डिसेंबरात. ओटीपी यायचा नवऱ्याच्या आधारला जोडलेल्या नंबरवर, तो नंबर दोन वर्षांपूर्वी बंद झालेला, आणि बाई तेव्हा कर्नाटकच्या सीमेवर कुठल्यातरी फडात. म्हणून ते युनिव्हर्सल, सरसकट, हे प्रकरण मला पटतं. लोक म्हणतात अंबानींना पण देणार का पैसे. द्या हो, टॅक्समधून परत घ्या. यादी करायची म्हटलं की यादी गावात होते आणि आमचे लोक वर्षातले पाच-सहा महिने गावात नसतात. ऊसतोड कामगार तर कागदावर कोणाचाच नसतो, कारखाना म्हणतो आमच्या पगारपत्रकावर नाही, वाहतूकदार म्हणतो माझा करार मुकादमाशी, मुकादम म्हणतो मी पण कामगारच. निकष लावून गरीब शोधायला निघालात तर हा माणूस सापडणारच नाही.

बरं, पैसा कुठून आणायचा. केंद्राच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी बेसिक इन्कमवर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं, माणशी वर्षाला ७,६२० रुपये असा आकडा मांडला होता, म्हणजे महिना ६३५, आणि ७५ टक्के लोकांना दिले तरी जीडीपीच्या पाच टक्क्यांच्या जवळ खर्च. त्यानंतर विषय थंड. पण महाराष्ट्राने असलं वेडं धाडस एकदा केलेलं आहे हे आपण विसरतो. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमी उभी राहिली, वि. स. पागे यांची कल्पना, ते विधान परिषदेचे सभापती होते, आणि तिच्यासाठी पैसा कुठून काढला? शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून. तुमच्या पगाराच्या स्लिपवर ते दोनशे रुपये पीटी म्हणून कापले जातात ना, वर्षाचे अडीच हजार, तो व्यवसाय कर १९७५ ला याच कामासाठी लावला आणि जेवढा जमा होईल तेवढीच भर सरकारने घालायची असं ठरलं. माझ्या टीममध्ये हे एकालाही माहीत नव्हतं, सगळे त्या दोनशे रुपयांना शिव्याच देत होते. मुंबईच्या माणसाने बीडच्या माणसाच्या कामाचा खर्च उचलायचा हे त्या काळच्या आमदारांनी कायदा करून मान्य केलं, आणि पुढे २००५ ला देशाने तेच उचललं.

तसाच एक धागा आत्ता पण आहे. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी, गोपीनाथ मुंडेंच्या नावाचं जे आहे, कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढेच घालायचे असं ठरलंय. बघा यातली गंमत, हे दहा रुपये गाळलेल्या उसावर आहेत, ऊस माणसाने तोडला की मशीनने याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जगभर लोक रोबोट टॅक्स, म्हणजे माणसाचं काम घेणाऱ्या यंत्रावरचा कर, कसा लावायचा, रोबोट कशाला म्हणायचं यावर डोकं खाजवतायत आणि आपल्याकडे तो न कळत लावून झालाय. उद्या सगळा ऊस हार्वेस्टरने तोडला तरी टनाचे दहा रुपये येतच राहणार.

फक्त दहा फार कमी आहेत. राज्यात चांगल्या वर्षी हजार लाख टन गाळप होतं, म्हणजे शंभर कोटी, सरकारचे शंभर, दोनशे कोटी. दहा लाख कामगार धरले तर माणशी वर्षाला दोन हजार. महिन्याला दीडशे-पावणेदोनशे, एवढ्यात मुकादमाला कोणी नाही म्हणणार नाही. लाडक्या बहिणीइतके पंधराशे दरमहा द्यायचे म्हटले तर १,८०० कोटी लागतील, म्हणजे टनाला १८० रुपये. एका टनातून साधारण शंभर किलो साखर निघते. किलोला एक रुपया ऐंशी पैसे. मी हे दोनदा तपासलं कारण मलाच खरं वाटेना. अर्थात कारखानदार ते स्वतःच्या खिशातून देणार नाहीत, उसाच्या दरात कापायला बघतील आणि मग शेतकरी विरुद्ध मजूर असं लावून देतील, ते काम त्यांना छान जमतं.

सहकाराबद्दल पण एक बोलायचंय, थोडक्यात. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला, तेव्हा जगाच्या दृष्टीने तो पर्यायी अर्थव्यवस्थेचाच प्रयोग होता. पण शेअर उसवाल्याला, तोडणाऱ्याला नाही. तो कधी सभासद नव्हता, जनरल बॉडीत त्याला खुर्ची नव्हती. आता काही लोक सुचवतात की हार्वेस्टर कामगारांच्या सोसायट्यांना द्या, अनुदान त्यांना द्या, मशीन त्यांच्या मालकीचं. ऐकायला मस्त वाटतं. पण आमच्याकडे सोसायटी म्हटलं की तिचा चेअरमन कोण होणार हे मला आत्ताच माहीत आहे, तोच मुकादम, किंवा त्याचा मेहुणा. माझा जीव त्यापेक्षा बिनअटीच्या पैशावर जास्त बसतो, त्याला चेअरमन लागत नाही.

महिन्याला देण्यात मात्र एक अडचण आहे आणि ती पुण्या-मुंबईत बसून योजना आखणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. महिन्याचे पंधराशे महिन्यात जातात. मुकादमाचं बळ आकड्यापेक्षा एकरकमी देण्यात आहे, लग्नाला एकदम पैसे लागतात, दवाखान्याला एकदम लागतात, ते तो देतो आणि बँक देत नाही. म्हणून मला वाटतं की ज्याला हवं त्याला वर्षाचे पैसे एकदम घ्यायची सोय पाहिजे, आणि ते दसऱ्याच्या आधी. अलास्कात तेलाच्या पैशातून १९८२ पासून प्रत्येक रहिवाशाला जो वाटा मिळतो तो असाच वर्षातून एकदा, बहुतेक ऑक्टोबरात देतात. नवराबायकोचे मिळून छत्तीस हजार भाद्रपदात हातात आले तर लाखाची उचल चौसष्ट हजारांवर येते, आणि चौसष्ट हजार म्हणजे १७५ टन, म्हणजे ८८ दिवस, हंगामाच्या आत फिटणारे.

चुलतभावाला हे फोनवर सांगितलं. तो आधी म्हणाला की मुकादमाला कळलं की छत्तीस हजार येणारेत तर तो उचलच तेवढी कमी देईल, आणि दुकानदार उधारी तेवढी वाढवेल. मी म्हटलं मग कमी उचल घेऊन लवकर मोकळा होशील ना. तर म्हणाला, "ते बी खरंय. पण पैसे तिच्या खात्यावर वेगळे अन् माझ्या वेगळे टाकाय सांग, नाहीतर माझेच मला पुरायचे न्हाईत."